उतारूंच्या आधी हॉटेल

अमेरिकेची राजधानी अजून नकाशावरच्या रेघांपलीकडे फारशी गेली नव्हती, झाडे तोडून रस्ते आखणे चालले होते, तेव्हा १७९३ साली सॅम्युअल ब्लॉजेट नावाच्या व्यापाऱ्याने तिथे एक भव्य हॉटेल बांधायला काढले. पैसा उभा करायला त्याने लॉटरी काढली आणि पहिले बक्षीस ठेवले ते खुद्द हॉटेल, किंमत ५०,००० डॉलर. आराखडा जेम्स होबनचा. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान ज्याच्या देखरेखीखाली उभे राहत होते, तोच हा वास्तुविशारद. तिकिटे विकली गेली, पण पैसा पुरला नाही. बक्षीस लागलेल्या माणसाच्या पदरात अर्धवट इमारत पडली, प्रकरण कोर्टात गेले आणि ब्लॉजेटला कर्जापायी तुरुंगाची हवा खावी लागली. पुढे १८१० मध्ये सरकारने ती वास्तू विकत घेऊन तिथे टपाल आणि पेटंट कचेऱ्या बसवल्या. चार वर्षांनी ब्रिटिश फौजेने कॅपिटॉल जाळले, तेव्हा ही इमारत तेवढी वाचली आणि काँग्रेसचे अधिवेशन तिच्यात भरले. हॉटेल म्हणून जी कधी धड चाललीच नाही, तिने देशाच्या संसदेला आसरा दिला.

हा किस्सा निव्वळ गमतीचा म्हणून सोडून देता आला असता, पण पुढच्या सव्वाशे वर्षांत अमेरिकेत जी हॉटेले उभी राहिली त्यांचा स्वभाव यात आधीच दिसतो. हॉटेलांचा इतिहास साधारणपणे सांगितला जातो तो असा: आधी घोडागाड्या, मग कालवे, मग आगगाड्या आल्या, माणसे हिंडू लागली, त्यांना उतरायला जागा हवी होती म्हणून हॉटेले झाली. यात खोटे काही नाही, पण क्रम बऱ्याचदा उलटा होता. इंग्लिश कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यादवी युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिरला आणि १८६२ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने हॉटेलांवर स्वतंत्र प्रकरणच लिहिले. त्याला नवल वाटले ते याचे की इतर देशांत लोकवस्ती वाढली की हॉटेल होते, इथे मात्र माळावर आधी हॉटेल उठते आणि वस्ती त्यामागून यावी अशी अपेक्षा असते. ट्रॉलपचे निरीक्षण मी आणखी थोडे पुढे नेईन. अमेरिकन गावांनी ही हॉटेले पाहुण्यांच्या नावावर बांधली, पण बांधली ती मुख्यतः स्वतःसाठी. आपल्याकडे गावाला चावडी असते तसे त्यांचे काम होते, फक्त संगमरवरी फरशीचे आणि खाजगी मालकीचे. त्यांचा उत्कर्ष, त्यांच्या दारावरची भांडणे आणि त्यांची पडझड या तिन्ही गोष्टी एवढे मानले की एकत्र उलगडतात.

त्याआधीच्या टॅव्हर्नची अवस्था पाहिली तर हा बदल किती मोठा होता ते कळते. टॅव्हर्न म्हणजे बहुधा मोठे घर: खाली दारू आणि जेवण, वर निजायच्या खोल्या, आणि गर्दी झाली तर अनोळखी माणसासोबत एकाच पलंगावर झोपायची तयारी. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १७८९ ते १७९१ या काळात देशभर फिरला, आणि कोणा एका बड्या माणसाचा पाहुणचार घेतला तर बाकीचे रुसतील म्हणून शक्यतो अशाच ठिकाणी उतरला. त्याच्या रोजनिशीत तिथल्या गैरसोयींच्या तक्रारी जागोजाग आहेत. राजा नाकारलेल्या देशात राष्ट्रप्रमुखाने उतरायचे कुठे, हा प्रश्न त्या दौऱ्याने उघड्यावर आणला. तीन वर्षांनी, १७९४ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सिटी हॉटेल झाले. बँक, वाचनालय किंवा नाट्यगृह बांधावे त्याच इराद्याने शहरातल्या प्रतिष्ठितांनी ते बांधले होते आणि त्यातला मोठा नाचाचा दिवाणखाना शहराचे समारंभ डोळ्यांपुढे ठेवूनच काढलेला होता.

यावर सरळ आक्षेप असा येईल की हे सगळे व्यापारी होते आणि नफ्यासाठी बांधत होते, त्यात गावाचे कल्याण कुठून आणता? नफ्याचा हेतू मला अमान्य नाही. पण नफा कशातून येणार होता ते पाहावे. बोस्टनमध्ये अँड्र्यू डेक्स्टरने १८०९ मध्ये उघडलेले एक्स्चेंज कॉफी हाऊस सात मजली होते. त्यात व्यापाऱ्यांच्या सौद्यांसाठी भलामोठा चौक होता, वर खोल्या होत्या. ते बांधले गेले डेक्स्टरच्या ताब्यातल्या बँकांनी भरमसाट छापलेल्या नोटांवर. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधली त्याची बँक बुडाली. अमेरिकेतली बुडालेली पहिली बँक म्हणून तिचे नाव घेतले जाते. इमारत १८१८ मध्ये जळाली. सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम रॉल्स्टनने सुमारे पन्नास लाख डॉलर ओतून पॅलेस हॉटेल उभारले. १८७५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या बँक ऑफ कॅलिफोर्नियाने दारे लावली, दुसऱ्याच दिवशी तो समुद्राच्या खाडीत बुडून मरण पावला आणि हॉटेल उघडले ऑक्टोबरमध्ये. निव्वळ खोल्यांच्या भाड्यावर डोळा ठेवणारा माणूस असले आकडे मांडत नाही. डोळा असतो तो शेजारच्या जमिनीवर आणि शहराच्या पतीवर. शिकागोचा पॉटर पामर याबाबतीत अधिक हिशेबी. स्टेट स्ट्रीटवरची जमीन त्याने आधी घेऊन ठेवली, रस्ता रुंद करून घेतला, शहराचा बाजार लेक स्ट्रीटवरून इकडे वळवला आणि मग तिथे हॉटेल बांधले. सप्टेंबर १८७१ मध्ये उघडलेले हे पामर हाऊस तेरा दिवसांनी शिकागोच्या महाआगीत राख झाले. त्याने ते पुन्हा बांधले, आधीपेक्षा मोठे. आगीनंतर शिकागो संपलेले नाही हे सांगायला त्याच्याकडे दुसरे काय साधन होते? हॉटेल तोट्यात गेले तरी शहर वधारले की मालक तरतो, असा हा व्यवहार होता, आणि तो शहराच्या भवितव्यावर लावलेला जुगारच होता.

बोस्टनचे ट्रिमाँट हाऊस ऑक्टोबर १८२९ मध्ये उघडले. त्याच्याशी जरा थांबले पाहिजे, कारण पुढची कित्येक हॉटेले त्याच्याच साच्यातून निघाली. आयझाया रॉजर्स हा त्याचा वास्तुविशारद तेव्हा तिशीही गाठलेला नव्हता. ग्रॅनाइटचा दर्शनी भाग, दारावर ग्रीक देवळासारखे खांब, आत १७० खोल्या. प्रत्येक खोलीला कुलूप, पाण्याचा जग, हात धुवायचे भांडे आणि साबणाची वडी. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण अनोळखी माणसाच्या कुशीत झोपण्याची सवय असलेल्या प्रवाशाला स्वतःच्या खोलीची किल्ली मिळणे ही केवढी बढती होती! तळमजल्यावर मागच्या बाजूला आठ शौचकूप होते आणि स्नानगृहे तळघरात. खोलीतून खाली कचेरीत वर्दी देणारे यंत्र होते, त्यामुळे नोकराला हाका मारत जिन्यात यावे लागत नसे. दिवसाला दोन डॉलरमध्ये खोली आणि चार वेळचे खाणे. पण इमारतीतली सर्वांत मोक्याची जागा दिली होती ती वाचनकक्ष, दिवाणखाने आणि भोजनशाळा यांना. वाचनकक्षात दूरदूरची वर्तमानपत्रे येत. उतारूंना ती फुकट वाचायला मिळत आणि बोस्टनकरांना वार्षिक वर्गणी भरून. बांधकामाशी जवळून संबंध असलेल्या विल्यम हॅवर्ड एलियटने १८३० मध्ये या इमारतीच्या नकाशांचे पुस्तकच छापले. प्रतिस्पर्ध्याला आपला आराखडा देणारा धंदेवाला विरळा. ज्याला नमुना घालून द्यायचा आहे तोच असे करतो. रॉजर्सने पुढे न्यूयॉर्कचे ॲस्टर हाऊस आणि सिनसिनाटीचे बर्नेट हाऊस बांधले, इतरांनी त्याचे पाहून बांधले, आणि खांबांची हॉटेले नदीकाठच्या चिखलातल्या गावांपर्यंत पोचली.

युरोपातही अशी भव्य हॉटेले होतीच, मग यात अमेरिकेचे वेगळे ते काय, असेही विचारता येईल. फरक आजूबाजूच्या इमारतींचा आहे. लंडन किंवा व्हिएन्नातले हॉटेल राजवाडे, कॅथीड्रल आणि जुन्या घराण्यांच्या वाड्यांच्या गर्दीत उभे असते. शहराने मिरवावे असे तिथे इतर पुष्कळ असते. मिसिसिपीकाठच्या पंधरा वर्षांच्या गावात कोर्ट आणि हॉटेल यांखेरीज मिरवण्यासारखे तिसरे काही नसे. त्यामुळे युरोपात जे दरबारात, क्लबात किंवा खाजगी दिवाणखान्यात घडले असते ते इथे हॉटेलात घडले. फेब्रुवारी १८६१ मध्ये यादवी टाळण्याची शेवटची परिषद वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात भरली होती, आणि ती चालू असतानाच नवनिर्वाचित लिंकन त्याच हॉटेलात येऊन उतरला. राजकीय पक्षांची खलबते, व्यापाऱ्यांचे सौदे, मेजवान्या, नाच, अंत्ययात्रेआधीचे दर्शन, सगळ्याला जागा तीच. शिवाय असंख्य कुटुंबे हॉटेलांत कायमची राहत. घर चालवण्याचा खर्च आणि नोकरांची कटकट वाचते म्हणून नवविवाहित जोडपी वर्षानुवर्षे तिथे मुक्काम ठोकत, आणि स्त्रिया चूल विसरतील म्हणून नीतिवादी मंडळी मासिकांतून हाकाटी करत. स्त्रियांसाठी वेगळे प्रवेशद्वार आणि वेगळी भोजनशाळा ठेवून हॉटेलांनी त्यावर तोड काढली. ती वेगळी वाट काचाची होती हे खरे, तरी घराबाहेर सभ्यपणे बसता येईल अशी जागा त्या काळच्या शहरात स्त्रीला आणखी फारशी कुठे होती?

गावाची बैठक म्हटले की लगेच विचारावे लागते, गाव म्हणजे कोण? इथे माझे म्हणणे सगळ्यांत अडचणीत येते, आणि माझ्या मते सिद्धही इथेच होते. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट लुईस हॉटेलच्या घुमटाखाली दुपारी लिलाव चालत. जमिनी, चित्रे, माल यांच्याबरोबर माणसेही विकली जात. ज्या ओट्याभोवती शहरातले प्रतिष्ठित पेला हातात घेऊन उभे राहत, तिथेच बाया-मुलांची बोली लागे. गुलामगिरी संपल्यावर १८७५ च्या नागरी हक्क कायद्याने नाट्यगृहे आणि गाड्यांबरोबर हॉटेलांचे दारही वर्णभेद न करता सर्वांना खुले केले. आठ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. न्यायालयापुढच्या पाच प्रकरणांपैकी दोन कॅन्सस आणि मिसुरीतल्या खाणावळ-हॉटेलांत काळ्या माणसाला नाकारल्याची होती. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात गेले आणि त्यांनी बोट ठेवले ते जुन्या इंग्रजी संकेतावर: पांथस्थाला विनाकारण दारातून परतवण्याचा हक्क सराईवाल्याला नाही, कारण त्याचा धंदा अर्धा सार्वजनिक आहे. यातली विसंगती अशी की दक्षिणेतून सैन्य काढून घेऊन काळ्यांना वाऱ्यावर सोडणारा १८७७ चा समझोता ज्या बैठकांशी जोडला जातो, त्या वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात झाल्या आणि त्या हॉटेलचा मालक जेम्स वर्मली स्वतः काळा होता. त्याच वर्षी साराटोगाच्या ग्रँड युनियन हॉटेलने जोसेफ सेलिगमन या बड्या ज्यू सावकाराला जागा नाकारली आणि वर्तमानपत्रांत केवढे वादळ उठले. पैसा असून भागत नव्हते. दारात तपासली जात होती ती ओळख.

मग हॉटेले वगळण्यासाठीच होती, गावची कसली, असे कोणी म्हणेल. पण ज्यांना वगळले त्यांनी काय केले ते पाहा. जॉन सॉमरव्हिल या दंतवैद्याने १९२८ मध्ये लॉस एंजेलिसला हॉटेल बांधले. त्याच वर्षी एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेचे अधिवेशन तिथे झाले. डनबार या नावाने पुढे ते काळ्या लॉस एंजेलिसचे मानबिंदू झाले. बर्मिंगहॅममध्ये ए. जी. गॅस्टनच्या मोटेलातून मार्टिन लूथर किंग आणि सहकाऱ्यांनी १९६३ ची मोहीम चालवली, म्हणून तर मे महिन्यात त्यावर बॉम्ब पडला. हार्लेमचा पोस्टमन व्हिक्टर ग्रीन १९३६ पासून काळ्या प्रवाशांना कुठे उतरता येईल याची जी पुस्तिका काढत होता, ती वाचली की प्रत्येक शहरात एक दुसरे शहर दिसते, स्वतःच्या हॉटेलासकट. हार्लेममधलेच थेरेसा हॉटेल १९१३ चे. १९४० पर्यंत तेही गोऱ्यांपुरते होते, मग काळ्यांना खुले झाले आणि काही वर्षांत काळ्या न्यूयॉर्कची राजधानीच बनले. सप्टेंबर १९६० मध्ये फिडेल कॅस्ट्रो मधल्या मॅनहॅटनमधले हॉटेल सोडून तिथे मुक्कामाला गेला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीला आलेल्या ख्रुश्चेव्ह, नासर आणि पंडित नेहरू यांनी तिथे जाऊन त्याची भेट घेतली. हॉटेल निवडणे म्हणजे गाव निवडणे, हे त्या सगळ्यांना नीट कळत होते.

कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या हार्ट ऑफ अटलांटा मोटेलने दावा लावला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. आधार घेतला तो राज्याराज्यांमधल्या व्यापाराचा: या मोटेलचे बहुतेक गिऱ्हाईक परराज्यातले आहे, सबब काँग्रेसला त्यावर अधिकार आहे. म्हणजे शेवटी हॉटेल प्रवाशांचेच ठरले ना? कागदावर ठरले. पण तो आधार निवडला गेला कारण १८८३ चा निकाल वाटेत आडवा पडला होता आणि व्यापाराच्या कलमातून त्याला वळसा घालता येत होता. लोक लढले ते मात्र आपापल्या शहरातल्या दारांसाठी.

छोट्या गावांची कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच वेगाने बदलत होती. एल्सवर्थ स्टॅटलरने १९०८ मध्ये बफेलोत प्रत्येक खोलीला न्हाणीघर दिले आणि भाडे ठेवले दीड डॉलर. पाठीला पाठ लावलेल्या खोल्यांतून नळांची एकच उभी पोकळी नेऊन त्याने खर्च आवाक्यात आणला. त्यानंतर न्हाणीघर नसलेले हॉटेल गावाला लाज आणू लागले. १९२० नंतर पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गची हॉकनबरी ही कंपनी गावोगाव जाऊन हॉटेलसाठी शेअर विकण्याच्या मोहिमा चालवत असे. सावकार, डॉक्टर, किराणावाला, सगळ्यांनी शेअर घ्यायचे. न घेणारा गावाच्या प्रगतीआड येणारा. परतावा किती मिळेल यापेक्षा शेजारच्या गावाच्या हॉटेलाला किती मजले आहेत याची चर्चा अधिक असावी, असे वाटण्याजोगा एकूण थाट. मंदी आली आणि या शेअरांची रद्दी झाली. ज्यांनी हॉटेलाकडे फक्त धंदा म्हणून पाहिले त्यांचे फावले. कॉनरॅड हिल्टन १९१९ मध्ये टेक्ससच्या सिस्को गावात बँक घ्यायला गेला होता, तेलामुळे लोटलेल्या गर्दीला आठ-आठ तासांच्या पाळीने खोल्या देणारे मोब्ली हॉटेल पाहिले आणि बँकेऐवजी तेच घेतले. १९५४ मध्ये त्याने ११ कोटी १० लाख डॉलरना स्टॅटलरची सगळी साखळी विकत घेतली. मालकी गावातून निघून गेली होती.

मोटारीने हॉटेले मारली असे म्हणतात. ते अर्धेच खरे. मोटारीमुळे प्रवासी घटले नाहीत, उलट कित्येक पटींनी वाढले. कॅलिफोर्नियात सॅन लुईस ओबिस्पोला १९२५ मध्ये पहिले मोटेल निघाले, १९५२ मध्ये मेम्फिसला पहिले हॉलिडे इन झाले, १९५६ च्या कायद्याने महामार्ग गावांना वळसा घालून गेले. नव्या मोटेलांत खोली होती, न्हाणीघर होते, दारात गाडी लागत होती. फक्त गाव नव्हते, आणि ते कोणाला नकोच होते. स्थानिक श्रीमंत उपनगरांत गेले, लग्ने कंट्री क्लबात होऊ लागली, सौदे फोनवर. गावच्या हॉटेलाचे खरे गिऱ्हाईक तुटले ते हे. रिकाम्या खोल्या महिन्याच्या भाड्याने एकट्या, म्हाताऱ्या, गरीब माणसांकडे गेल्या. आपल्या देशाशी थेट जुळणारा धागा इथलाच आहे: सॅक्रामेंटोतले असेच एक छोटे हॉटेल १९४२ मध्ये जपानी वंशाच्या मालकाला छावणीत नेले गेल्यावर सुरतेकडच्या कानजीभाई देसाईंनी चालवायला घेतले, आणि गुजराती कुटुंबांचा अमेरिकेतला मोटेलांचा धंदा तिथून सुरू झाल्याचे मानले जाते. या उतरत्या हॉटेलांतही वस्ती घट्ट होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलमधून वृद्ध फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी बाहेर काढले, तेव्हा दाराबाहेर हजारो माणसे हातात हात गुंफून उभी होती. एखाद्या महामार्गावरच्या मोटेलसाठी असे कोणी उभे राहिले नसते.

त्याच सुमारास, १९७६ पासून, ऐतिहासिक वास्तू दुरुस्त करून वापरणाऱ्यांना संघराज्य सरकारकडून करसवलत मिळू लागली आणि पाडापाडी थोडी थांबली. ही सवलत घ्यायची तर लॉबी, जिने, नाचघर अशा सर्वांच्या वापरातल्या जागा जपाव्या लागतात; वरच्या मजल्यांवरच्या निजायच्या खोल्यांच्या भिंती हलवण्याबाबत नियम बरेच सैल आहेत. डेट्रॉइटचे बुक कॅडिलॅक १९२४ मध्ये उघडले तेव्हा त्यात हजाराहून अधिक खोल्या होत्या. १९८४ मध्ये ते बंद पडले, वीसेक वर्षे उघडे-वाघडे पडून राहिले आणि २००८ मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा हॉटेलच्या खोल्या साडेचारशेच्या आसपास उरल्या. वरचे मजले राहत्या घरांसाठी विकले गेले. व्हेनेशियन नाचघर मात्र पुन्हा घडवले गेले. मालकांनी ते इतिहासाच्या प्रेमापोटी केले असे मानण्याचे कारण नाही. लग्नाला, निवृत्तीच्या मेजवानीला, निवडणुकीच्या रात्रीला दिवाणखाना भाड्याने घेणारे गिऱ्हाईक डेट्रॉइटचेच असते आणि त्यातले बहुतेक जण रात्री आपापल्या घरी झोपायला जातात.